गोगलगायीचं घड्याळ

जुलै २०२२. सकाळी साडेदहाची मीटिंग, कॅमेरा बंद, आणि काकांचा फोन. काका देवळी तालुक्यात शेती करतात. माझ्या कामाच्या वेळात ते सहसा फोन करत नाहीत, म्हणून उचलला.

"बाबू, सोयाबीन खाऊन टाकलं गोगलगायीनं."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला मोठ्याने हसलो. वर विचारलं, "काका, मग पळून गेली का खाऊन?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हस बाबू, हस. तुमच्या पुण्यात सोयाबीन पाकिटातच उगवते."

फोन ठेवला आणि मी मीटिंगमध्ये परत गेलो. पण ते हसणं डोक्यातून जाईना. रानडुकरांनी शेत खाल्लं असं काका म्हणाले असते तर मी हसलो नसतो. टोळधाड आली म्हणाले असते तर बातम्या उघडून बसलो असतो. मग गोगलगाय ऐकल्यावरच का हसलो? त्या विनोदाचा माग काढता काढता मी भलतीकडेच पोचलो. हा लेख त्या भटकंतीचा आहे.

सुरुवात विनोदापासूनच करू. गोगलगायीचे दोन जोक जगभर फिरतात, तुम्हीही कुठेतरी वाचले असतील. पहिला: एका माणसाच्या दाराशी गोगलगाय येते. तो वैतागून तिला उचलतो आणि लांब भिरकावतो. तीन वर्षांनी दारावर टकटक होते. दार उघडतो तर तीच गोगलगाय, आणि म्हणते, "हे काय होतं मघाशी?" दुसरा: दोन गोगलगायी कासवाला लुटतात. पोलीस विचारतात, नेमकं काय घडलं? कासव म्हणतं, "साहेब, सगळं इतकं झटपट झालं की काही कळलंच नाही."

दोन्ही जोक मी कोडसारखे उघडून पाहिले. त्यात मंद चालीची टिंगल नाहीच. दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवलीत, आणि गंमत त्यांच्यातल्या फरकाची आहे. आपल्या घड्याळात तीन वर्षं गेली, तिच्या घड्याळात 'मघाशी'. विशेष म्हणजे तिला आपण उशिरा आलो असं वाटतच नाही. ती हळू आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं. आपण हसतो ते आपलं घड्याळ खरं आहे अशी खात्री असते म्हणून.

ही खात्री कधीकधी फसते. ब्रिटिश म्युझियमची एक गोष्ट आहे. मार्च १८४६ मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या गोगलगायीचा एक नमुना तिथे आला. कोरडा, हालचाल नाही, म्हणजे मेलेलाच. तो पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून लेबल लावून ठेवला. मार्च १८५० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की पुठ्ठ्यावर चिकट डाग दिसतोय. कोमट पाण्यात सोडलं तर बाईसाहेब शंखातून बाहेर आल्या. चार वर्षं त्या लेबलावर झोपून होत्या. पुढे आणखी दोनेक वर्षं जगल्या. लेबल लावणाऱ्याला हसायचं की गोगलगायीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

युरोपात हा विनोद फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये जी हस्तलिखितं तयार झाली, त्यांच्या समासात एक चित्र पुन्हा पुन्हा येतं: चिलखत घातलेला, भाला-तलवार घेतलेला सरदार, आणि समोर गोगलगाय. कुठे तो तिच्यावर चालून जातोय, कुठे तलवार टाकून गुडघे टेकतोय. हे कुठल्या विनोदी पुस्तकात नाही, तर प्रार्थनेच्या आणि चर्चच्या कायद्याच्या पोथ्यांत. इंग्लंडमधल्या गोर्ल्स्टन साल्टर या चौदाव्या शतकातल्या पोथीतही असा सरदार आहे. का काढली ही चित्रं? १९६२ मध्ये लिलियन रँडल या अभ्यासिकेने मांडलं की ही लोंबार्ड लोकांवरची टिंगल असावी. ते सावकारी करत आणि भित्रे म्हणून बदनाम होते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला त्या चित्रात साधी गोष्ट दिसते. दोघंही कवचात आहेत, दोघंही आतून मऊ आहेत, आणि एकालाच ते माहीत आहे.

आता मराठीकडे येऊ, कारण खरा धक्का मला इथे बसला.

मी धरून चाललो होतो की आपल्याकडेही गोगलगाय म्हणजे मंदपणा. पण आठवून पाहा. रस्त्याचं काम रखडलं की पेपरात मथळा येतो 'कासवगतीने'. बारीक बारीक पुढे सरकणं म्हणजे 'मुंगीच्या पावलाने'. 'गोगलगायीच्या गतीने' असंही हल्ली लिहितात, पण मला त्याला इंग्रजीचा वास येतो. आणि कासवाला आपण फारसं हसतही नाही. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, त्याला हात लावून आत जातो. संतांनी तर कासवीला आईच्या जागी बसवलं, पिलांना नुसत्या नजरेने वाढवणारी म्हणून.

गोगलगायीसाठी मराठीने वेगळंच वाक्य ठेवलंय: गोगलगाय आणि पोटात पाय. या म्हणीत वेगाचा उल्लेखच नाही. दिसायला गरीब, आतून पक्की, असा तिचा अर्थ. नावातच गाय आहे. पुढे आलेली दोन शिंगं बघून कोणीतरी तिला गाय म्हटलं असणार. शेजारच्या गुजरातीत ती गोकळगाय आहे. गायीइतका निरुपद्रवी प्राणी आपल्याला दुसरा सुचत नाही. 'गरीब गाय' हा शब्दच आहे. मग म्हण पुढे जाऊन विचारते, गाय आहे ना, मग पाय कुठे आहेत? दिसत नाहीत. चालते तर आहे. म्हणजे लपवलेत. कुठे? पोटात.

आता गंमत बघा. १७९५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी गोगलगायींच्या अख्ख्या वर्गाला नाव दिलं गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोडा म्हणजे पाय. बारावीला बायोलॉजीच्या पुस्तकात हा शब्द मी रट्टा मारून पाठ केला होता. आजी स्वयंपाकघरात तेच मराठीत म्हणायची हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

आमच्या वर्ध्याकडे या म्हणीत आणखी एक गोची आहे. वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे 'पाहा'. 'थे पाय', 'इकडे पाय'. त्यामुळे लहानपणी बरीच वर्षं मला ती म्हण सूचना वाटायची: गोगलगाय आहे, पोटात पाहा! मी एक शंख काडीने उलटा करून पाहिलाही होता. फेस आला, बाकी काही दिसलं नाही. आता वाटतं, माझा चुकीचा अर्थ फार चुकीचा नव्हता.

ही म्हण कोणाबद्दल वापरतात, तेही आठवा. मी ती बहुतेक वेळा बायकांबद्दल ऐकलीय. नवीन सून कमी बोलते, मान खाली घालून काम करते, आणि वर्षभराने कळतं की तिने शिवणक्लासचे पैसे साठवून स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडलंय. लगेच कोणीतरी म्हणतं, "गोगलगाय अन् पोटात पाय." आमच्याकडे हे माझ्या आईबद्दल म्हटलं गेलं. हसतच म्हटलं गेलं, आईही हसली. पण त्या हसण्याच्या मुळाशी घाबरणं होतं. आपण जिला थांबलेली समजत होतो ती चालत होती, आणि आपल्याला दिसलं नाही.

इंटरनेटने हे इतक्यात पुन्हा शोधून काढलं. गेल्या दहाएक वर्षांत फिरणारा एक प्रश्न आहे: तुम्हाला दहा लाख डॉलर आणि अमरत्व मिळेल, पण एक अमर गोगलगाय कायम तुमच्या मागावर राहील आणि ती शिवली की तुम्ही मेलात. घेणार का? ऑफिसच्या ग्रुपवर यावर दोन दिवस हाणामारी झाली. एकाने विमानतळांचा हिशेब मांडला, एक म्हणाला तिला काचेच्या डबीत बंद करू. मग कोणीतरी लिहिलं, "आणि डबीत आहे ती तीच कशावरून?" पुढे ग्रुप शांत. म्हणीतला पाय पोटातून बाहेर आला होता.

गोगलगायीची बाजू घेऊन कोणी बोललं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्याने ती घेतली तो पुढे आमच्याच जिल्ह्यात येऊन राहिला. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' गुजरातीत लिहिलं. त्यात रेल्वेवर टीका करताना ते गोगलगायीची उपमा देतात, आणि चक्क कौतुकाने: चांगली गोष्ट त्या चालीने पसरते, घाई असते ती वाइटाला. विनोदी लिहायचा त्यांचा हेतू नव्हता. तरी मला हसू येतं, कारण मंद चालीचं हे पुस्तक त्यांनी आगबोटीवर दहा दिवसांत संपवलं, आणि उजवा हात दमला तेव्हा डाव्याने लिहिलं. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. वर्धा म्हणजे रेल्वेचं जंक्शन. देशभरातले पुढारी गाडीने वर्ध्याला उतरणार आणि तिथून धुळीचा रस्ता धरणार. त्याच रेल्वेमार्गावर अलीकडे शेगावही होतं, त्यामुळे सेगावची पत्रं तिकडे जायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. वेगाने चुकीच्या गावी पोचलेली ती पत्रं म्हणजे 'हिंद स्वराज'मधल्या त्या परिच्छेदाला आपसूक मिळालेली तळटीप.

आमच्या जिल्ह्यात हळू चालणारी रेल्वेही होती. पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटर, अरुंद रूळ, १९१७ पासून. आजी सांगायची, पोट्टे पुढच्या डब्यातून उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. असं देशातल्या प्रत्येक अरुंद रुळाच्या गाडीबद्दल सांगतात, त्यामुळे खरं किती ते सोडा. पण ती गाडी बंद पडून बरीच वर्षं झाल्यावरही आजी तो किस्सा सांगायची, आणि शेवटी हसायची नाही.

पण काकांचं सोयाबीन खाणारी गोगलगाय गांधीजींच्या उपमेतली नव्हे, आणि म्हणीतलीही नव्हे. ती मुळात इथली नाही. तळहाताएवढी वाढणारी ही आफ्रिकन शंखी गोगलगाय पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने, ज्याला शंखशिंपल्यांचा नाद होता, मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने कलकत्त्याला आणले. ते तिथल्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडले गेले. एक बाग, मूठभरही नाहीत इतके जीव. कोणी अडवलं नाही. गोगलगाय कुठे जाणार आहे?

आता इंजिनिअरला राहवत नाही म्हणून एक हिशेब. इंग्लंडमध्ये नॉरफकमधल्या काँगम गावी गोगलगायींची जागतिक शर्यत होते. तिथला १९९५ चा गाजलेला विक्रम आहे १३ इंच, दोन मिनिटांत. म्हणजे तासाला साधारण दहा मीटर. शर्यतीतली जात वेगळी आहे, पण हिशेबापुरता हाच वेग धरू. कलकत्ता ते वर्धा रुळांवरून सुमारे १२०० किलोमीटर. न थांबता चाललं तर १,२०,००० तास, म्हणजे ५००० दिवस, म्हणजे पावणेचौदा वर्षं. १८४७ ला निघालेली गोगलगाय १८६१ च्या सुमारास वर्ध्यात हजर!

मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६२ मध्ये, आणि पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवायला घेतलं १८६६ मध्ये. म्हणजे गोगलगाय आली असती तेव्हा इथे रेल्वे नव्हती, शहर नव्हतं, जिल्हासुद्धा नव्हता. तिला बाहेर थांबून वाट बघावी लागली असती.

अर्थात ती अशी चालत आली नाही. रोपांच्या कुंड्यांत, मातीत, लाकडांच्या ओंडक्यांत, ट्रकच्या चाकांशी चिकटून, आपल्याच वेगावर बसून ती देशभर पसरली. एका वेळी शंभरावर अंडी घालते. नर आणि मादी दोन्ही एकाच देहात असल्यामुळे भेटलेला कोणताही जोडीदार चालतो. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून मातीत झोपते, पावसाला उठते, आणि रात्री खाते.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचं इतकं नुकसान केलं की सरकारला त्यासाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली. सोशल मीडियावर त्या बातमीखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. मी ती पाहिली, आणि आपण काकांना विचारलेला प्रश्न आठवला.

सोयाबीन उगवून आलं की पहिले काही दिवस ते फक्त दोन जाड पानं आणि एक कोवळा देठ असतं. गोगलगाय देठ कुरतडते. झाड मोठं असतं तर पानाला भोक पडून निभावलं असतं. रोप असतं म्हणून सगळंच जातं. एका रात्रीत एक ओळ, आठवड्यात बांधाकडचा पट्टा. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, आणि हातातून गेलेले पंधरा दिवस, जे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. ज्याला जागचं हलता येत नाही त्याच्या बाजूने बघितलं तर गोगलगाय भयंकर वेगवान असते. काका रोपाच्या घड्याळावर होते आणि मी वायफायच्या.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसन यांनी १९०० मध्ये हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. हसण्यासाठी काळीज थोडा वेळ बधिर व्हावं लागतं, असा त्यांचा एक मुद्दा आहे. वाचताना मला तो जरा ओढूनताणून आणलेला वाटला होता. पण पुणे ते देवळी अंतर धरलं, तर त्या सकाळी मला भूल कशाची चढली होती ते कळतं.

त्यातही गोगलगाय आळशी नसते. १९८० मध्ये मार्क डेनी या संशोधकाने मोजून दाखवलं की स्वतःच्या चिकट द्रवावरून सरकणं ही चालायची फार महागडी रीत आहे. तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्यापेक्षा तिची शक्ती कितीतरी पट खर्च होते, आणि त्यातली बरीचशी तो द्रव बनवण्यात. पावसाळ्यात सकाळी भिंतीवर दिसणारी ती चकाकती रेघ तिच्या रात्रभराच्या कमाईची असते.

त्या वर्षी पोळ्याला मी गावी गेलो. काकांनी विषय काढला नाही, मीच काढला. म्हणालो, "काका, त्या दिवशी हसलो, चुकलंच माझं." काका म्हणाले, "मीही हसलो होतो ना बाबू. पयल्यांदा एक दिसली तवा मी तिले उचलून बांधापलीकडे फेकली होती." मला तो तीन वर्षांनी दार वाजवणारा जोक आठवला. सांगितला. काका इतके हसले की काकू बाहेर आल्या.

मग त्यांनी दाखवलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी वेचून पोत्यात भरल्या, पोत्याचं तोंड नुसतं मुरगळून ठेवलं, आणि जेवायला गेले. सकाळी पोतं रिकामं. अंगणभर रेघा, आणि गोठ्याच्या भिंतीवर रांगेत शंख. "घाई नाय, गडबड नाय," काका सांगत होते, "जशी वरात चालली."

डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हा सोयाबीन निघून शेत मोकळं झालं होतं. विहिरीच्या कठड्याखाली दगडांच्या फटीत एक शंख चिकटलेला दिसला. तोंडावर पांढरा पातळ पडदा. मी म्हटलं, मेलीय. काकांनी नखाने टकटक केलं, कान लावल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"झोपली हाय. मिरगाले उठते."

मग पिशवी पुढे केली, आणि शंख तिच्यात टाकला.